ओहोळ कोणाच्या नावावर?

यंदाच्या पावसात ज्यांची खाचरं वाहून गेली त्यांनी तहसील कचेरीत अर्ज दिले. काहींचे पंचनामे झाले, काहींच्या पाड्यावर तलाठी अजून पोचलेला नाही. सगळ्या अर्जांत एकच वाक्य आहे : 'अतिवृष्टीमुळे नुकसान झाले.' हे वाक्य आम्हाला पटलेलं नाही. जव्हार-मोखाड्याकडे पाऊस काय आज पडायला लागला? आजा-पणज्याच्या काळापासून तो असाच कोसळतो, आणि खाचरं त्याच उतारावर टिकून होती. मग यंदाच कशी गेली?

एका पाड्याचं बघा. वरून तीन ओहोळ येतात ते पाड्याच्या अलीकडे एक होतात. तिथूनच नवा रस्ता काढला. रस्ता उंच केला आणि खाली एकच मोरी ठेवली, तीही पोरानं वाकून जावं एवढी. पहिल्या मोठ्या पावसात वरचा पाला, ओंडके, दगड येऊन मोरी तुंबली. पाणी रस्त्याला अडलं, मागं फुगलं आणि कडेनं वाट काढून खाचरात शिरलं. भात गेलं ते गेलंच, वर हातभर गोटे आणि वाळू येऊन बसली. ती काढायची मजुरी कोण देणार? रस्ता आखताना पाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर पुराचं पाणी कुठवर चढतं ते त्यानं काठी टेकून दाखवलं असतं. विचारायला कोणी आलंच नाही.

दुसरीकडे पाण्यानं नाही, मुरमानं नुकसान केलं. गावाखालची पाणथळ, जिथं पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे मासे चढतात, जिथं बाया खेकडे धरतात, दिवाळीनंतरही गुरांना ओलं गवत मिळतं, ती सातबारावर 'पोटखराबा' म्हणून लिहिलेली. खराबा म्हटल्यावर तिला किंमत नाही. शेजारची जमीन एका शेठनं फार्महाऊससाठी घेतली, पाणथळीत मुरूम टाकून ती सपाट केली, ओहोळाला दगडी भिंत घालून वळवलं. आता मासे येत नाहीत, आणि खालच्या विहिरीचं पाणी लवकर आटेल अशी धास्ती आहे. गाव तक्रार घेऊन गेलं तेव्हा कचेरीत विचारलं, 'तुमची जागा आहे का ती?'

या एका प्रश्नात सगळं येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची. तिचं कलम 20 सांगतं की नद्या, नाले, ओढे, तळी, जी दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाहीत, ती सरकारची. म्हणजे ओहोळ आपला नाही. तो ज्याचा आहे तो मुंबईत बसतो, आणि त्याच्या वतीनं कधी महसूल खातं बोलतं, कधी वनखातं, कधी पाटबंधारे, कधी बांधकाम. एकानं बांध घालायचा, दुसऱ्यानं त्याच ओहोळातली वाळू विकायची, तिसऱ्यानं त्यावर मोरी घालायची. या सगळ्यांकडे एकत्र बघणारं कोणी नाही. बघतं ते गाव, पण गावाच्या बघण्याला कागदावर जागा नाही.

शहापूरकडच्या साथींना हे जास्त सांगायला नको. तानसा तलाव 1892 सालचा. त्यानंतर वैतरणा झाली, भातसा झाली. मुंबईच्या नळाला पाणी तिथून जातं आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. पाणी कमी आहे म्हणून नव्हे, पाण्याबद्दल ज्यांना विचारतात त्यांत आपण नाही म्हणून.

'गावाला विचारून कारभार चालत नाही, गावकऱ्यांना काय कळतं', हे साहेब लोकांचं नेहमीचं उत्तर. त्याची एक परीक्षा याच महाराष्ट्रात होऊन गेलेली आहे. ठिकाण, सातारा जिल्ह्यातलं औंध. आज औंधला जाणारा माणूस यमाईचा डोंगर चढतो, राजानं जमवलेल्या चित्रांचं संग्रहालय बघतो आणि परततो. प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावणारा राजा म्हणूनही त्याचं नाव ऐकलेलं असतं. त्या राजानं, भवानराव पंत प्रतिनिधींनी, 1938 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की संस्थानचा कारभार आपण प्रजेच्या हाती देतो. त्यांचा मुलगा आप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनियर यांनी त्याची जुळणी केली. ही मंडळी वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींकडे गेली, त्यांच्या सल्ल्यानं मसुदा झाला आणि 1939 च्या जानेवारीत औंधचा राज्यकारभाराचा कायदा लागू झाला.

औंध म्हणजे सलग मुलूख नव्हता. बहात्तर गावं, तीही विखुरलेली : औंध, आटपाडी, कुंडल, आणि पार विजापूरकडे गुणदाळ. माणसं पाऊण लाखाच्या आसपास. मुलूख बहुतेक दुष्काळी. असल्या ठिकाणी गावानं आपली पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती, आणि तिथून संस्थानच्या विधिमंडळात माणसं, अशी बांधणी केली. खालून वर. कज्जे शक्यतो गावातच मिटवायचे. आणि आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की साऱ्याच्या पैशातला मोठा हिस्सा गावाच्या आणि तालुक्याच्या पंचायतीच्या हाती द्यायचा. नुसतं 'तुमचं मत कळवा' असं नव्हतं. शाळा, पिण्याची विहीर, रस्ता कुठं पाहिजे हे गावानं ठरवायचं आणि खर्चही गावानंच करायचा. विहीर चुकीच्या जागी खणली तर पैसा गावाचाच बुडणार, म्हणून जागा नीट बघायची.

औंधचं सगळंच गोड होतं असं आम्ही म्हणणार नाही. मत द्यायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे ही अट गांधीजींनी सुचवली आणि ती त्यात आली. आपल्या पाड्यांवर ती अट लावली असती तर पाण्याबद्दल सगळ्यात जास्त जाणणारी माणसंच बाहेर बसली असती. आणि मुख्य म्हणजे जे मिळालं ते राजानं दिलं म्हणून मिळालं. 1948 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याबरोबर ती व्यवस्थाही गेली. गावांनी तिच्यासाठी आधी मोठा लढा दिला होता असं नाही, त्यामुळं ती जाताना अडवायला लढ्याची सवयही नव्हती.

लढून मिळवलेलं त्याच टापूत पुढं घडलं. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, खानापूर तालुक्यातून जाऊन पुढं कृष्णेला मिळते. 1983 च्या सुमाराच्या दुष्काळात खानापूरची माणसं रोजगार हमीच्या कामावर होती. त्यांत मुंबईच्या गिरणी संपातून गावी परतलेले कामगारही होते. नदी कोरडी का पडली याचा विचार त्यांनी सुरू केला. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, वाळू ते धरून ठेवते, काठच्या विहिरींना पुरवते. ती वाळू ठेकेदार सरकारी परवान्यावर ट्रकांनी नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीनं ठेकेदारांचा उपसा अडवला आणि मागणी केली ती वेगळीच : आम्हाला थोडी वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधतो. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी सरकारशी भांडून, जाणत्या इंजिनियरांची मदत घेऊन, श्रमदान करून बळीराजा धरण उभं केलं. पाणी वाटायचा नियमही त्यांचाच. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा, आणि या पाण्यावर ऊस नाही. ऊसवाल्या सांगली जिल्ह्यात हा नियम करायला छाती लागते.

ती गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत. त्यांच्या पाठीशी पाचवी अनुसूची नव्हती. आपल्या पाठीशी ती आहे, आणि 1996 च्या डिसेंबरापासून पंचायतींचा केंद्रीय कायदाही आहे. भूरिया समितीच्या शिफारशींवरून झालेला, ज्याच्या सभा आपण पाड्या-पाड्यावर घेतल्या. त्यात पाण्याचं काय आहे ते नीट वाचायला पाहिजे, कारण त्यातले शब्द सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

वाळू, दगड, मुरूम अशा गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. शिफारस नाही तर पट्टा नाही. पण प्रकल्पासाठी जमीन घ्यायची, माणसं उठवायची, तेव्हा फक्त 'विचारविनिमय' करायचा. म्हणजे मुरमाला आपण नाही म्हणू शकतो, आणि आपलं घर उठताना आपलं मत ऐकून घेतलं की त्यांचं काम झालं. हे कोणाच्या डोक्यातून आलं असेल ते असो. लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्था 'योग्य पातळीवरच्या पंचायतीकडे' द्यायची, असंही कायदा म्हणतो. इथं ग्रामसभेचं नावसुद्धा नाही. योग्य पातळी कुठली? जिल्हा परिषद म्हणेल आमची. पाझर तलावाची फाईल जिल्ह्याच्या ठिकाणीच राहील आणि पाड्याला उन्हाळ्यात रिकामा तलाव बघायला मिळेल.

विदर्भातल्या साथींकडून यात शिकण्यासारखं आहे. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हजारो जुने तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, कोहळी लोकांनी कसबानं घडवलेले. मालगुजारी 1951 साली गेली, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी तलाव' एवढं नाव उरलं. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं हे जे गाव मिळून करायचं ते कोणाचंच काम राहिलं नाही. मालक बदलला, गाव मालक झालं नाही. त्याच गडचिरोलीत मेंढा गावानं मात्र 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणून सगळ्यांच्या संमतीनं निर्णय घ्यायची रीत घातली आहे आणि आधी विचारल्याशिवाय जंगलात कोणाचं काम होऊ देत नाहीत.

मग 1996 च्या कायद्यात आपल्या हाताला लागण्यासारखं काय? आमच्या मते तीन-चार ओळी फार कामाच्या आहेत. गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. एखादी वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथले लोक आपल्या रीतीनं कारभार चालवतात, तेही गाव. म्हणजे पाच-सहा मैलांवरच्या ग्रुप ग्रामपंचायतीच्या कचेरीत ग्रामसभा झाली असं ग्रामसेवक लिहून ठेवतो तेव्हा आपण म्हणू शकतो की आमच्या पाड्याची सभा अजून झालेली नाही. दुसरं, आपली सामूहिक साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे असं कायदाच म्हणतो. ओहोळ, डोह, पाणथळ ही सामूहिक साधनसंपत्ती नाही तर काय आहे? आणि तिसरं, ज्याकडे आपल्यातल्या पुष्कळांचं लक्ष गेलेलं नाही : गावच्या पंचायतीनं विकासाची योजना हाती घेण्याआधी तिला ग्रामसभेची मंजुरी लागते, आणि पैसा खर्च झाल्यावर तो नीट वापरला गेला याचा दाखलाही पंचायतीनं ग्रामसभेकडूनच घ्यायचा आहे.

हा दाखला म्हणजे औंधची थैली नव्हे. पैसा अजून वरूनच येतो आणि येतो तेव्हा त्याचं काय करायचं ते ठरूनच आलेलं असतं. पण थैलीची दोरी निदान एका टोकाला आपल्या हातात येते. ज्या बंधाऱ्याला बाजूनं पाणी जातं, जी मोरी पहिल्या पुरात तुंबते, तिचा दाखला पाड्याच्या सभेनं देऊ नये. ग्रामसेवक सही घ्यायला घरोघर फिरेल, कोणाच्या घरकुलाची आठवण करून देईल. तरी देऊ नये. रस्ता मोठ्या खात्याचा असला की ते म्हणतील हे पंचायतीचं कामच नाही, दाखल्याचा संबंध नाही. तिथं सभेचा ठराव करून तो पंचनाम्याला जोडायचा.

यासाठी आधी एक काम आहे. ओहोळ सरकारच्या नावावर असो, त्याची ओळख आपल्या वहीत पाहिजे. प्रत्येक पाड्यानं येत्या सभेआधी आपल्या पाण्याचा नकाशा काढावा. गावनकाशा तलाठ्याकडून मागून घ्यावा, नाही दिला तर वहीच्या जोडपानावर काढावा. ओहोळ कुठून येतो, कुठं मिळतो, डोह किती, कोणता मार्चपर्यंत टिकतो, कोणता मेपर्यंत, पुराची खूण कुठवर, वलगण कुठं चढते, पोटखराबा म्हणून लिहिलेल्या कुठल्या गटात पाणी उभं राहतं. म्हाताऱ्यांना आणि बायांना बरोबर घ्या. डोहाला दोन्ही वेळा त्याच जातात. यंदा ज्यांची खाचरं गेली त्यांनी पाणी कुठल्या मोरीवरून, कुठल्या भिंतीवरून वळलं ते दाखवावं. नुकसानीच्या अर्जात आता 'अतिवृष्टी' असं न लिहिता मोरीचं ठिकाण आणि पाणी कसं वळलं ते लिहावं. ज्यांचे अर्ज गेलेत त्यांनी पुरवणी अर्ज द्यावा. त्याचा नमुना संघटनेच्या कचेरीत ठेवला आहे, येताना दहा पैशांचा कागदही आणू नका, तो इथं आहे.

नकाशावर सभेच्या सह्या आणि अंगठे घेऊन तीन प्रती करायच्या. एक पाड्यावर, एक ग्रामपंचायतीला पोच घेऊन, एक आपल्या कचेरीत. दिवाळीआधी जेवढे नकाशे येतील तेवढे घेऊन तहसीलला जायचं आहे. तारीख पुढच्या अंकात.