पिल्ले विकण्यापूर्वी

कुत्रा पैसे मोजून विकत घ्यावा, ही गोष्ट आमच्या वाडवडिलांस हसण्यासारखी वाटली असती. शेजारी कुत्री व्याली की पोरे जाऊन एक पिल्लू उचलून आणीत, त्याला भाकरीचा तुकडा घालीत, आणि ते मोठे होऊन खळ्याची राखण करी. आता बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर अशा शहरांत जातिवंत पिल्लास हजारांनी किंमत येते ही वार्ता खेड्यांपर्यंत पोचली आहे, आणि कोंबड्यांप्रमाणे कुत्र्यांची जोडी पाळून पिल्ले विकावीत, हा विचार काही घरांत मूळ धरू लागला आहे. त्यात काही गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. कष्टाने चार पैसे मिळवणाऱ्यास नावे कोणी ठेवावीत? परंतु कोंबडी विकली की तिचा हिशेब बहुधा त्याच रविवारी संपतो. पिल्लू विकल्यानंतर दहा-बारा वर्षे जगते. ते निरोगी राहील की कण्हत राहील, याचा बराचसा निकाल त्याच्या जन्मापूर्वीच लागलेला असतो. आणि तो लावणारा माणूस म्हणजे नर व मादी निवडणारा त्यांचा धनी.

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची २,४६९ मीटर उंचीची खिंड आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. संत ऑगस्टीनच्या नियमाप्रमाणे राहणारे धर्मगुरू ते आजतागायत चालवीत आले आहेत. सतराव्या शतकापासून त्यांनी तेथे मोठी कुत्री बाळगली. प्रथम राखणीसाठी, आणि पुढे बर्फात वाट चुकलेल्यांना हुडकण्यासाठी. त्यांपैकी बॅरी नावाचा कुत्रा जगप्रसिद्ध आहे. १८०० साली जन्मलेल्या या कुत्र्याने चाळीसांहून अधिक माणसांचे प्राण वाचवले असे सांगतात. ज्यास वाचवायला गेला त्याच शिपायाने त्यास भोसकले, ही त्याच्या मरणाची कथा मात्र खरी नव्हे. १८१२ मध्ये त्यास बर्न शहरी विश्रांतीस नेले व तेथे १८१४ मध्ये तो म्हातारपणी वारला. गळ्यातले ब्रँडीचे पिंपही असेच; लँडसीर नावाच्या तरुण इंग्रज चित्रकाराने १८२० च्या एका चित्रात ते रंगवले, आणि तेथून ते सर्वांच्या डोक्यात बसले.

बॅरीचे वजन चाळीस ते पंचेचाळीस किलो होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बर्फात धावणाऱ्या प्राण्यास याहून अधिक भार पेलवत नाही. १८१६ ते १८१८ या वर्षांतील हिवाळे फार कडक गेले. हिमलोटांत पुष्कळ कुत्री दगावली. उरलेल्यांत नवे रक्त यावे म्हणून पुढे न्यूफाउंडलंड जातीची कुत्री त्यांना लावण्यात आली. पिल्ले लांब केसांची निघाली. दिसायला ती देखणी, परंतु केसांत बर्फाचे गोळे जमून त्यांना चालवेना. तेव्हा लांब केसांची कुत्री दरीतल्या लोकांना देऊन टाकण्यात आली आणि आखूड केसांची तेवढी वर राहिली. या धर्मगुरूंचे कसब असे की, पिल्लू कसे दिसते यापेक्षा ते त्या जागी सुखाने काम करू शकेल काय, हे त्यांनी पाहिले.

खाली मैदानात मात्र निराळाच प्रकार झाला. प्रदर्शने भरू लागली, मोठ्या डोक्याच्या व अवाढव्य देहाच्या कुत्र्यास बक्षिसे मिळू लागली, आणि त्याच मापाने जोड्या लावल्या जाऊ लागल्या. आज या जातीचे नर सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत भरतात. मागल्या पायांचे खुबे त्या भाराने दुखावतात, व आयुष्यही आठ-दहा वर्षांचेच. बर्नच्या संग्रहालयात बॅरीचे कातडे भरून ठेवले आहे. १९२३ मध्ये ते नव्याने बसवताना त्याचे मूळचे चपटे डोके मोठे करून त्या काळच्या कुत्र्यांसारखे घडवण्यात आले! मेलेल्या बॅरीलाही नव्या पसंतीस उतरावे लागले. आश्रयगृहातील कुत्र्यांची पैदास २००५ पासून एक स्वतंत्र संस्था पाहते.

पगचे हाल याहून वाईट. कुत्र्यास अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकीत ते आपले अंग थंड करते. चेहरा बसका दिसावा म्हणून ज्याचे नाकच पिढ्यान्‌पिढ्या आखूड करीत नेले, त्याने हैदराबादच्या वैशाखात काय करावे? २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत हे कुत्रे झळकले, आणि आपल्याकडे घरोघर त्याची मागणी सुरू झाली. झोपेत ते घोरते म्हणून मुले हसतात. वास्तविक त्याचा श्वास अडत असतो.

बेळगावकरांस मुधोळ काही दूर नाही. तेथली शिडशिडीत, लांब पायांची शिकारी कुत्री दख्खनच्या उघड्या माळावर धनगर-शेतकऱ्यांनी जोपासली, आणि मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने त्यांस नावलौकिक मिळवून दिला. २००५ मध्ये टपाल खात्याने या जातीचे तिकीट काढले. जवळच तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या जातीसाठी केंद्र आहे. या कुत्र्याचे अंग आपल्या उन्हासाठी व आपल्या जमिनीसाठी घडलेले आहे. त्याची पैदास करणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पळण्यास जागा नसलेल्या घरी ते देऊ नये. आणि गावात दोनच नर आहेत म्हणून बापाकडून लेकीला पिल्ले होऊ देऊ नयेत. लग्न जमवताना आपण नाते किती जवळचे ते विचारतो. जनावराच्या रक्तातही दडलेली खोड असते, व तीच खोड आई आणि बाप या दोन्ही बाजूंनी आली म्हणजे ती पिल्लात उघडी पडते. कोणत्या कुत्रीला कोणता नर लावला, हे एका वहीत लिहून ठेवण्यास कितीसा खर्च येतो?

कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पिल्ले विकण्यासाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला नर लावू नये, वर्षात एकाहून अधिक वेळा तिला विऊ देऊ नये, आणि तिची आयुष्यभरात पाचच वेते घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. कुत्री वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते, म्हणून दोन्ही वेळा पैसे करू पाहणारे लोक आहेत. अशा कुत्रीची पाठ, गळलेले केस आणि लोंबणारी आचळे पाहिली की ग्राहकास पिल्लाची परीक्षा करण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच असे विक्रेते आई दाखवीत नाहीत. घेणाऱ्यांनी आई पाहिल्यावाचून पिल्लू घेऊ नये.

आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकण्यास त्याच नियमांनी मनाई आहे. त्या दिवसांत ते आईचे दूध पिते आणि भावंडांशी खेळता खेळता किती जोराने चावावे हे शिकते. महिन्याच्या आत तोडलेले पिल्लू घाबरट निघते, आणि घाबरट कुत्रा चावतो.

राहता राहिली न खपलेली पिल्ले. त्यांत माद्या अधिक असतात, हे खेड्यात कोणास सांगावयास नको. पोत्यात घालून ती बाजाराच्या ओट्यावर किंवा दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडली जातात. जगली तर वर्षभरात त्यांना पिल्ले होतात. त्यांना रेबीजची लस कोण टोचणार? वेत घेण्यापूर्वीच निम्म्या पिल्लांसाठी तरी ओळखीची घरे ठरलेली असावीत, आणि उरतील तितकी आपल्याच अंगणात वाढवण्याची व पशुवैद्याकडून त्यांची नसबंदी करून घेण्याची तयारी असावी. विकलेल्या पिल्लाच्या मालकाचा पत्ताही वहीत असू द्यावा. तो गाव सोडून गेला, आजारी पडला, किंवा नुसता कंटाळला, तर कुत्रे रस्त्यावर न टाकता परत आणून द्यावे, असे पैसे घेतानाच त्यास सांगून ठेवावे.