फरशी टाकून घ्या!

घराच्या उत्तरेकडच्या बोळात काय लावू, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं. "तिथे काही येणार नाही, फरशी टाकून घ्या!"

आमच्या पुण्यातल्या घराचा बोळ जेमतेम पाच फुटांचा. ऊन नाही, ओल कायम. शेजारच्या काकांनी कौतुकाने त्यांचे पेव्हर ब्लॉक दाखवले. खालून सिमेंटचा पक्का थर. एकदम चकाचक! पावसात त्यांच्या बोळातलं सगळं पाणी फाटकातून थेट रस्त्यावर. आणि मे महिन्यात हेच काका "बोअर आटली हो" म्हणत टँकरवाल्याला फोन करत असतात. आता यांना काय बोलणार?

सावलीत येत नाही ते लॉन. त्याला ऊन लागतं. लोक दोनदा लॉनचे तुकडे अंथरतात, ते पिवळे पडून विरळ होतात, आणि खापर मातीवर. अहो, जंगलात झाडांखाली काय फरशी असते?

आमच्याकडे नेचे आहेत, मंडूकपर्णी आहे आणि पिंपळी. हो, तीच, त्रिकटूतली. तिला अर्धी सावली मानवते. पेर मातीला टेकलं की मुळं फुटतात. वीत-वीत अंतरावर काड्या लावल्या. पहिलं वर्ष मात्र तण उपटावंच लागतं. ते करायचं नाही आणि "आमच्याकडे नाही बुवा आलं" म्हणायचं, याला अर्थ नाही.

नर्सरीवाला तुम्हाला वेडेलिया देईल. पिवळी फुलं, झटपट पसरते. घेऊ नका. आययूसीएनच्या जगातल्या शंभर उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे ती.

माझी एक फजितीही सांगते. पुण्यात १३ मेच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत उत्तरेला असतो. म्हणजे एरवी सावलीतला बोळ नेमका ऐन उन्हाळ्यात ऊन खातो. पहिल्या वर्षी सगळे नेचे करपले. आता पाऊस येईपर्यंत जुनी साडी बांधते.

"भिंतीला ओल येईल!" भिंतीलगत फूटभर खडी टाका, मातीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. फरशीवर आपटून उडणारं पावसाचं पाणी भिंत भिजवत नाही का? "साप येतील!" असं म्हणणाऱ्यांच्याच बोळात फुटक्या कुंड्या, जुनं बेसिन, आणि त्याखाली उंदीर. साप पिंपळी खायला येत नाही. गोगलगायी येतात, हे मात्र मान्य. रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. वैताग असतो.

असो. काकांच्या ब्लॉकच्या फटींतून यंदा आंबुशी उगवलीय. परवा ते तिच्यावर अ‍ॅसिड ओतत होते.