जुने अर्धे तिकीट

एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. पुण्याला कसबा पेठेत कसबा गणपती आणि लाल महाल बघायला जायचे म्हणून घरी आधीच तिकिटे काढली. मधेच दादाला बारा वर्षे पुरी झाली. शेजारचे म्हणतात, "अकराच सांगायचं, कोण विचारतंय?" मला हे पटत नाही. गणपतीच्या दर्शनाला निघायचे आणि वाटेतच खोटे बोलायचे! वय वाढले तर वरचे पैसे भरावेत. पण आधी भरलेले पैसेही बुडू नयेत. फरक घेऊन तेच तिकीट चालवावे, असे माझे मत आहे. जवळच्या शनिवारवाड्यात 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. तिथे दादा खरे वय सांगूनच फुकट जाईल.

इयत्ता 4 थी