रिकामं तर होतं!

आमच्या ऑफिसातल्या चौघांना सध्या शूटिंग रेंजचं खूळ लागलंय. कँटीनमध्ये वाद एकच : पिस्तूल भारी की रायफल? एक पार्टी पॅरिस २०२४च्या मनू भाकरचं नाव घेते, दुसरी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं. रायफलवाले म्हणतात, १० मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपा, मग बोला! पिस्तुलाचं 'दहा'चं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, ऐसपैस. पण बॉस, रायफलला दोन हात, खांदा आणि जाड जॅकेटचा आधार असतो. पिस्तूल एकाच हातात. श्वास चुकला की नेम हललाच.

मी पिस्तूलवाली. परवाच्या रविवारी मैत्रिणीनं मागून हाक मारली आणि मी वळले. पिस्तुलासकट. "रिकामं आहे सर," मी म्हटलं. सरांनी ते शांतपणे काढून घेतलं आणि मला दिवसभर बाकावर बसवलं. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. खाली ठेवलं की नळीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग, घरी नेताना पेटी बंद. आणि रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं.

परतताना मैत्रीण म्हणाली, "सर उगाच चिडले गं!" मी गप्प. नळीसमोर तीच तर उभी होती.