जरीपटक्यातल्या दादींची नदी

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की मला जरीपटक्यातल्या आमच्या शेजारच्या दादी आठवतात. फाळणीनंतर सिंधमधून इथे आलेल्या कुटुंबांपैकी त्यांचे एक. कूलरपुढे बसून त्या सांगत, की आमच्या मुलखात पाऊस नावालाच, पण उन्हाळा तापला की दरिया फुगायचा. पावसावाचून नदीला पूर? शाळकरी वयात आम्हाला ती थाप वाटे. पुढे उमगले, ते पाणी हिमालय आणि काराकोरममधल्या बर्फाचे होते. ऊन कडक, तितकी सिंधू भरलेली.

बर्फाशी नागपूरकरांचा काय संबंध, असे वाचक म्हणतील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला विदर्भ गोंडवन खंडाचा भाग होता आणि हिमनद्यांखाली दबलेला होता. चंद्रपूरजवळ इरई येथे, पैनगंगेच्या पात्रातल्या चुनखडकावर, बर्फाने फरफटत नेलेल्या दगडांचे ओरखडे १८७०च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाने नोंदवून ठेवले. बर्फ हटल्यावर दलदलीत जंगले माजली. त्यांचाच कोळसा आज उमरेड, वणी, चंद्रपूरला निघतो आणि जरीपटक्याच्या उत्तरेला कोराडीत जळतो.

शेवटचे हिमयुग अगदी अलीकडचे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणचा किनारा पार पश्चिमेला सरकलेला. पाऊसही कमी. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे डॉ. साळी यांना नक्षी कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले. खानदेशात शहामृग! म्हणजे तिथे कोरडी गवताळ राने असणार, आणि माणसे शिकारीमागे हिंडत असणार.

बर्फ ओसरला, मोसमी पाऊस सुधारला, सिंधूकाठी नगरे उभी राहिली. चार हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा रोडावला, नगरे विस्कटली. त्याच सुमाराच्या उत्तर हडप्पा वस्तीच्या खुणा प्रवरेकाठी दायमाबादला मिळाल्या आहेत. तेव्हा सिंधूकडून गोदावरीच्या खोऱ्याकडे वाट काढण्याची १९४७ ही काही पहिली वेळ नव्हे. आपली नाग नदीही शेवटी गोदावरीलाच मिळते. फरक इतकाच, की दादींना हवामानाने नव्हे, राजकारणाने घालवले.

आता दोन्ही एकत्र आली आहेत. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने आटल्या, असे काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेने २०२३ साली सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने १९६०चा सिंधू जलकरार स्थगित केला, तेव्हा वाद रंगला तो धरणांच्या दारांचा. टाकीच आटते आहे, हे मात्र कडेला राहिले. काही वर्षे बर्फ जास्त वितळून पाणी वाढेल, मग घटेल. तेव्हा सिंधूकाठच्या शेतकऱ्याने जायचे कुठे? दादींना निदान आगगाडी मिळाली, छावणी मिळाली. आज सीमेवर तारेचे कुंपण आहे.

दादी आता नाहीत. त्यांचा नातू कोळशाच्या वाहतुकीच्या धंद्यात आहे. गेल्या चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक पाहताना मी त्याला हे सारे ऐकवले. तो हसून म्हणाला, “काका, दुसरा धंदा सांगा, उद्या ट्रक विकतो.” मला सांगता आला नाही.