पहिला दगड

परवा आमच्या गल्लीत चोर सापडला. सापडला म्हणजे काय, एकाची सायकल जागेवर नव्हती आणि एक अनोळखी पोरगा जागेवर होता. गल्लीला एवढा पुरावा पुष्कळ झाला. "कुठला रे तू?" या प्रश्नाला तो "सेटलमेंटचा" म्हणाला आणि पहिली थप्पड बसली. मी बगलेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन कॉलेजातून परतत होतो. "सर, तुम्ही जा घरी," कुणीतरी आदराने म्हणाले. आणि वाचकहो, मी गेलो! तासाभराने सायकल आली. मालकाचा मेहुणाच ती घेऊन बाजारात गेला होता. पोराला सोडून दिले. माफी मागावी असे कुणाला सुचले नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांना 'सेटलमेंट' ठाऊक नसेल. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात वसवले, हजेऱ्या लावल्या, गिरण्यांत कामाला जुंपले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. कुंपण गेले, कपाळावरचा शिक्का मात्र राहिला.

संध्याकाळी आमचे एक ख्रिस्ती स्नेही आले. त्यांना हकीगत सांगून मी हिंसेची माझी नेहमीची कारणे मांडली : बेकारी, सिनेमा, हातोहातीचे मोबाइल. ते म्हणाले, "सर, हे सगळे तेल झाले. काडी निराळीच आहे. माणसांना भीती वाटते, राग येतो, आणि तो ठेवायला कुणाची तरी पाठ लागते. ज्यूंच्या जुन्या शास्त्रात बोकडाच्या डोक्यावर सगळ्यांची पापे ठेवून त्याला रानात हाकलून देत. रेने जिरार या फ्रेंच विचारवंताने यावर ग्रंथच लिहिले. एरवी ही कथा जमाव सांगतो, म्हणून त्यात बोकड नेहमी दोषी असतो. शुभवर्तमानात ती बळीच्या बाजूने सांगितली आहे. येशूचा दोष पिलाताला दिसत नाही, तरी तो हात धुऊन मोकळा होतो."

हात धुणे मला झोंबले. मी उलट विचारले, "मग ज्यूंच्या पाठीवर शतकानुशतके पापे कुणी ठेवली?"

ते क्षणभर गप्प झाले. "आम्हीच. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवू नये, हे व्हॅटिकन परिषदेने लिहून काढायला १९६५ साल उजाडले. आणि लांब कशाला जाता? इथली सेटलमेंट काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडेच होती. मिशनने मुलांना शिकवले, पण कुंपणाला हातभारही लावला."

या कबुलीनंतर वाद घालण्यासारखे काय उरले?

रात्री मला राईनपाडा आठवले. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यांतले बहुतेक आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्याचे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती, एवढेच निमित्त. २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली. पण नुसते पाहत उभे राहिलेल्यांचे काय? २०२० साली पालघरच्या गडचिंचले गावाजवळ अशाच अफवेपायी दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक मारले गेले. बळीचा वेश बदलतो, जमाव तोच राहतो.

स्नेह्यांनी जाता जाता आणखी एक प्रसंग सांगितला होता. एका स्त्रीला दगडांनी मारायला लोक येशूपुढे आणतात. तो खाली वाकून जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो. मग म्हणतो, ज्याने पाप केले नसेल त्याने पहिला दगड मारावा. तेव्हा वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. मला यातले 'एकेक' महत्त्वाचे वाटते. त्या एका प्रश्नाने जमावाची पुन्हा माणसे झाली.

मीही त्या दिवशी एकटाच घरी गेलो होतो. फरक इतकाच, ते दगड टाकून गेले, मी त्या पोराला टाकून.

दिवाळीत सेटलमेंटात फराळाचा डबा घेऊन जावे असे मनात आहे. पण कुणाकडे जाणार? त्या पोराचे नाव त्या दिवशी कुणीच विचारले नव्हते. आधी तेच विचारायला जायला हवे.