प्रयोगशाळेतील प्रणय आणि प्रतिस्पर्धी स्त्री

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने ‘मराठी कादंबरीतील वैज्ञानिक स्त्री’ हा विषय पीएच.डी.साठी सुचविला होता. साहित्यकृतींची यादी एका पानातच आटोपली आणि ‘सामग्री अपुरी’ या कारणाने तिला विषय बदलावा लागला. सामग्री अपुरी का, हाच खरे तर संशोधनाचा प्रश्न होता, असे मला तेव्हाही वाटले होते.

आपल्या कथात्म साहित्यात महाविद्यालयातील प्रेम आहे; कचेरीतील प्रेम तर विपुल आहे. परंतु एकाच प्रश्नाच्या मागे लागलेले दोन वैज्ञानिक, एक स्त्री व एक पुरुष, आणि त्यांच्यातील चुरशीतूनच निर्माण होणारी ओढ, असे कथानक निदान माझ्या वाचनात ठळकपणे आलेले नाही. विज्ञानकथेत बहुधा कल्पनाच नायक असते. माणसे केवळ तिची वाहक. लेखकांना प्रयोगशाळा अपरिचित असते, असे याचे कारण सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. नागपुरात ‘नीरी’सारखी संस्था १९५८ पासून उभी आहे आणि तेथील माणसे आपल्याच शेजारी राहतात.

खरे कारण शोधण्यासाठी कमला सोहोनी यांच्या चरित्राकडे वळावे लागते. दुर्गा भागवतांच्या या धाकट्या भगिनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी संपादून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परीक्षाधीन राहावे, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, काम करावे आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल असे वातावरण निर्माण करू नये. ही शेवटची अट वाङ्मयाच्या अभ्यासकाने दोनदा वाचावी. प्रयोगशाळेत स्त्री शिरताच तेथे प्रणय शिरणार, हे कथानक रामन यांच्या मनात आधीच रचलेले होते. तिची बुद्धी त्या कथानकात कोठेच नव्हती.

पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांचे संशोधन. १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला, तो विमागणितज्ज्ञाशी. प्रयोगशाळेबाहेरचा हा जोडीदार. चुरशीचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कार्ल १९३१ पासून विभागप्रमुख होते. त्याच विद्यापीठात गर्टींना मात्र प्राध्यापकपद मिळण्यास १९४७ उजाडले. एकत्र काम करणे म्हणजे समान असणे नव्हे.

ही मनोवृत्ती जुनी झाली म्हणावे, तर २०१५ मध्ये सोल येथे टिम हंट या नोबेलविजेत्या जीवरसायनशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळेत मुली आल्या की परस्परांत प्रेम जुळते आणि टीका केली की त्या रडतात, अशा आशयाचे उद्गार काढले. तो विनोद होता, असे मागाहून सांगण्यात आले. असेलही. परंतु त्यातील प्रेम आणि टीका यांची जोडी लक्षणीय आहे. टीका ही वैज्ञानिकाची दैनंदिन भाषा. ती स्त्रीशी बरोबरीने बोलता येत नाही, ही तक्रार येथे प्रेमाच्या नावाखाली मांडली गेली.

म्हणून माझे म्हणणे असे की, भीती प्रेमाची सांगितली गेली, पण त्याआड भीती स्पर्धेची होती. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेमकथेला आधी प्रतिस्पर्धी लागतो. आपल्या कादंबरीने स्त्रीला प्रेयसी केले, सहचारिणी केले, त्यागमूर्ती तर फारच वेळा केले. जिच्यापुढे नायकाचा सिद्धांत चुकीचा ठरू शकतो अशी स्त्री मात्र तिने क्वचितच निर्माण केली. अशा कादंबरीत निर्णायक प्रसंग चांदण्यातील भेटीचा नसेल. शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे, परदेशी शिष्यवृत्ती एकालाच मिळाली तर कोणी जायचे, आणि तिने शोधलेली चूक तिने सभेत सांगायची की घरी, येथे ती कादंबरी घडेल.

त्या विद्यार्थिनीची एक पानाची यादी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या उमेदवाराने मागितली तर ती देण्यास मी तयार आहे.